सिंथ-पॉपचा पडदा : ब्रिटिश कॉन्सर्ट-चित्रफिती आणि व्हिडिओ-संग्रहांची प्रस्तावना

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा-बारा वर्षे ब्रिटनमध्ये जे लोकप्रिय संगीत ‘सिंथ-पॉप’ आणि ‘न्यू वेव्ह’ या नावांनी ओळखले गेले, त्याचा इतिहास आजवर प्रामुख्याने ध्वनिमुद्रिकांच्या आधारे लिहिला गेला आहे. कोणता अल्बम केव्हा निघाला, विक्रीच्या यादीत तो कितव्या क्रमांकावर पोचला आणि कोणत्या स्टुडिओत कोणते यंत्र वापरले गेले, यांच्या नोंदी तपशिलाने झाल्या. परंतु त्याच बँडनी बाजारात आणलेल्या कॉन्सर्टच्या चित्रफिती आणि गाण्यांच्या व्हिडिओंचे संग्रह मात्र जाहिरातीचे साहित्य किंवा चाहत्यांसाठी काढलेली पुरवणी म्हणून बाजूला पडले. निदान या संगीताच्या बाबतीत तरी ही विभागणी टिकत नाही, अशी या विवेचनाची भूमिका असून, तिचे कारण या संगीताच्या वाद्यांतच दडलेले आहे.

न्यू वेव्ह ही व्यापक संज्ञा होय. १९७६–७७ मधील पंक संगीताच्या उद्रेकानंतर ज्या तरुण बँडनी पंकचा आटोपशीरपणा आणि जुन्या रॉकविषयीचा तिटकारा कायम ठेवला, पण चालीला सफाई, तालाला नृत्याची लय आणि पोशाखाला विचारपूर्वक दिलेला आकार यांची त्याला जोड दिली, त्यांना हे नाव मिळाले. सिंथ-पॉप हा तिच्यातलाच एक नेमका प्रवाह, ज्यात गिटारची जागा सिंथेसायझरने, म्हणजे विद्युत्-मंडलांतून स्वर निर्माण करणाऱ्या वाद्याने घेतली. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्क या बँडचा ‘ऑटोबान’ हा अल्बम १९७४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा ब्रिटनचा दौरा झाला. त्यातील लिव्हरपूलच्या कार्यक्रमाला बसलेला अँडी मॅक्लस्की हा शाळकरी मुलगा पुढे ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क, संक्षेपाने ओएमडी, या बँडचा गायक झाला. दशक संपता संपता जपानी कंपन्यांचे तुलनेने स्वस्त सिंथेसायझर दुकानांत आले, आणि शेफील्ड, बॅसिल्डन, विरल यांसारख्या लंडनबाहेरच्या ठिकाणच्या, संगीताचे शिक्षण न घेतलेल्या मुलांच्या हाती ते वाद्य पडले.

या वाद्याबरोबर एक अडचणही आली. गिटार वाजवणाऱ्याच्या हाताची हालचाल आणि कानी पडणारा आवाज यांतला कार्यकारणसंबंध सभागृहातल्या शेवटच्या रांगेतील माणसालाही दिसतो, आणि ड्रम वाजवणाऱ्याचे श्रम तर लपतच नाहीत. सिंथेसायझरचा स्वर पेटीच्या आत जन्म घेतो; वाजवणारा एक पट्टी दाबून उभा राहिला तरी सारे सभागृह दणाणू शकते. त्यातून सीक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेली स्वरावली ठरलेल्या लयीत आपोआप वाजवणारे यंत्र, आणि ठोके साठवणारे ड्रम मशिन हाती आल्यावर वाजवणाऱ्याने रंगमंचावर नेमके काय करायचे, हाच प्रश्न उभा राहिला. ओएमडीने सुरुवातीच्या कार्यक्रमांत तालाची साथ चक्क टेपरेकॉर्डरला दिली होती. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतील नायकावरून त्यांनी त्या यंत्राचे नाव विन्स्टन ठेवले होते आणि ते रंगमंचावर प्रेक्षकांना दिसेल असे मांडलेले असे. प्रेक्षकांची नाराजी आणि वादकांच्या संघटनांची भीती या दोन्हींचे मूळ इथेच आहे. १९८२ मध्ये ब्रिटिश म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशिनवर बंदीची मागणी करणारा ठराव केला, तो या अस्वस्थतेचा अधिकृत उद्गार होता. कानांना भरपूर आणि डोळ्यांना जवळजवळ काहीच नाही, अशी अवस्था असल्यामुळे डोळ्यांसाठी वेगळी तजवीज करणे या बँडना भाग पडले, आणि ज्या संग्रहांचा इथे विचार करायचा आहे ते त्या तजविजीचे दस्तऐवज आहेत.

ही तजवीज किती मुळातली होती, हे शेफील्डच्या ह्यूमन लीगच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९७८ मध्ये या बँडमध्ये एड्रियन राइट दाखल झाला तेव्हा तो कोणतेही वाद्य वाजवत नव्हता. कार्यक्रम चालू असताना वादकांच्या मागे व अंगावर स्लाइड प्रोजेक्टरने चित्रे टाकणे हे त्याचे काम होते, आणि तरीही तो बँडचा पूर्ण सभासद होता. दृश्यांचा दिग्दर्शक असे त्याचे पद छापलेही जाई. १९८० मध्ये बँड फुटला. मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श, म्हणजे सिंथेसायझर प्रत्यक्षात चालवणारे दोघे, बाहेर पडून त्यांनी हेवन १७ हा बँड काढला. ह्यूमन लीग हे नाव मात्र गायक फिलिप ओकी आणि चित्रे दाखवणारा राइट यांच्याकडे राहिले. दौऱ्याचे करार आधीच झालेले असल्यामुळे ओकीने शेफील्डच्या एका नाइटक्लबमध्ये नाचताना पाहिलेल्या सुझन अ‍ॅन सली आणि जोअ‍ॅन कॅथरॉल या दोन शाळकरी मुलींना बरोबर घेतले. वादक गेले आणि दिसणारी माणसे राहिली, अशा या बँडने पुढच्याच वर्षी निर्माता मार्टिन रशेंटच्या मदतीने ‘डेअर’ हा अल्बम केला, आणि त्यातील ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ हे गाणे १९८१ च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. स्टीव्ह बॅरनने दिग्दर्शित केलेला त्याचा व्हिडिओ स्लाउ गावात ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाला. एका चित्रपटाचे चित्रीकरण चालू आहे अशी त्यातली मांडणी असून, कॅमेरा, दिवे, संकलनाचे टेबल हे सारे त्यात उघडपणे दिसते. सिंथेसायझर मात्र नजरेत भरत नाही. सहा महिन्यांनी अमेरिकेतही हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, त्यात या व्हिडिओचा वाटा गाण्याइतकाच होता, असे मानण्यास जागा आहे.

घरी पाहण्यासाठी विकल्या गेलेल्या कॉन्सर्टच्या चित्रफितींमध्ये गॅरी न्यूमन या गायकाची ‘द टूरिंग प्रिन्सिपल’ ही आरंभीच्या कृतींपैकी एक होय. सप्टेंबर १९७९ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन सभागृहात झालेला हा कार्यक्रम १९८० मध्ये व्हिडिओ कॅसेटवर आला. १९७९ च्या उन्हाळ्यात न्यूमनचे ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक’ हे गाणे चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि मिळालेला पैसा त्याने रंगमंचाच्या उभारणीत ओतला. प्रकाशाच्या उभ्या चौकटी, त्यांच्यात उंचावर बसवलेले वादक आणि मध्यभागी ताठ, जवळजवळ निर्विकार गायक, अशी ती रचना होती. रॉक गायकाने घामाघूम होऊन प्रेक्षकांशी सलगी साधावी, या अपेक्षेलाच इथे नकार दिलेला होता. हालचालीची जबाबदारी माणसांकडून काढून दिव्यांकडे सोपवलेली होती. न्यूमनच्या या दौऱ्यात आधीचा कार्यक्रम ओएमडीचा असे, आणि त्यांच्या ड्रुरी लेन थिएटरमधल्या १९८१ च्या कार्यक्रमाची चित्रफीत न्यूमनच्या शेजारी ठेवून पाहिली की दुसरा उपाय दिसतो. विन्स्टनची जागा तोवर माल्कम होम्स या हाडामांसाच्या ड्रमवादकाने घेतलेली होती, आणि मॅक्लस्की दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरवत असा काही नाचत होता की समीक्षकांनी त्याची टर उडवली. टर योग्यच होती, पण त्या नाचाची गरजही खरी होती.

गाण्यांच्या व्हिडिओंचा प्रवाह याच सुमारास वेगाने वाढला. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही अहोरात्र गाणी दाखवणारी वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिने दाखवलेला पहिला व्हिडिओ बगल्स या ब्रिटिश जोडीच्या १९७९ च्या गाण्याचा होता. वाहिनीला चोवीस तास भरायचे होते, अमेरिकन बँडकडे तयार व्हिडिओ मोजकेच होते, आणि ब्रिटिश कंपन्या मात्र दूरचित्रवाणीसाठी ते आधीपासून करत होत्या; त्यामुळे ज्या बँडची गाणी अमेरिकन रेडिओ वाजवत नव्हता, ते बँड तिथल्या दिवाणखान्यांत पोचले. बगल्सच्या व्हिडिओचा दिग्दर्शक रसेल मल्काही याने १९८१ मध्ये अल्ट्राव्हॉक्स या बँडच्या ‘व्हिएन्ना’ या गाण्यासाठी धुके, जुन्या इमारती आणि वरखाली काळ्या पट्ट्या असलेली रुंद चौकट वापरून चित्रपटाचा आभास निर्माण केला. त्याचाच पुढचा टप्पा म्हणजे बर्मिंगहॅमच्या ड्युरान ड्युरानसाठी १९८२ मध्ये श्रीलंकेत केलेले चित्रीकरण. ‘हंग्री लाइक द वुल्फ’, ‘सेव्ह अ प्रेयर’ आणि आणखी एका गाण्याचे व्हिडिओ या एकाच फेरीत तयार झाले. सिगिरियाचा सुळका, पोलोन्नारुवाचे प्राचीन अवशेष, हत्ती आणि समुद्रकिनारे यांच्या पार्श्वभूमीवर बर्मिंगहॅमची पाच देखणी मुले. बारकाईने पाहिले तर त्यात कोणत्याही श्रीलंकन माणसाला स्वतःचे असे काही करायला दिलेले नाही. गाण्याच्या पहिल्या कडव्याला काश्मीर आणि दुसऱ्याला स्वित्झर्लंड पाहत वाढलेल्या हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की इथे परक्या देशाच्या निसर्गासोबत त्या देशाच्या पूजास्थानांनाही पडद्याचे काम देण्यात आले.

याच बँडचा १९८३ चा व्हिडिओ-अल्बम हा संग्रह म्हणून महत्त्वाचा आहे. व्हिडिओ-अल्बम म्हणजे अनेक गाण्यांचे व्हिडिओ क्रम लावून एका कॅसेटवर किंवा लेझरडिस्कवर विक्रीस ठेवलेली कृती. ग्रॅमी पुरस्कारांत १९८४ मध्ये व्हिडिओसाठी दोन स्वतंत्र विभाग सुरू झाले, तेव्हा अल्बम आणि लघुव्हिडिओ हे दोन्ही पुरस्कार ड्युरान ड्युरानला मिळाले. संग्रहात ‘गर्ल्स ऑन फिल्म’ या गॉडली आणि क्रीम यांनी दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओचे न कापलेले रूप होते, जे क्लबांतल्या पडद्यांसाठी केलेले असून दूरचित्रवाणीवर दाखवण्याजोगे मानले गेले नव्हते. प्रसारणाला जे चालत नाही ते घरच्या कॅसेटला चालते, हा विक्रीचा मुद्दा उत्पादकांच्या लक्षात लवकर आला, आणि आज अभ्यासकाला मूळ रूपे मिळतात ती बव्हंशी याच व्यापारी हिशेबामुळे.

सगळेच संग्रह असे एकेक व्हिडिओ जोडून तयार झालेले नाहीत. सॉफ्ट सेल या जोडीचा ‘नॉन-स्टॉप एक्झॉटिक व्हिडिओ शो’ (१९८२) टिम पोपने दिग्दर्शित केला, आणि त्यात लंडनच्या सोहो भागातील रात्रीचे भडक, काहीसे कळकट जग एका सूत्रात येते. युरिथमिक्सच्या ‘स्वीट ड्रीम्स’ या १९८३ च्या व्हिडिओ-अल्बममध्ये दिग्दर्शक डेरेक बरबिजने हेवन या लंडनच्या क्लबमधील कार्यक्रम आणि आधी केलेले व्हिडिओ एकमेकांत गुंफले. याच बँडच्या ‘सॅव्हेज’ची जात याहून वेगळी आहे: १९८७ च्या त्या अल्बममधील प्रत्येक गाण्याचा व्हिडिओ बनवला गेला आणि सोफी मुलरच्या दिग्दर्शनाखाली बँडची गायिका अ‍ॅनी लेनॉक्सने दबलेली गृहिणी आणि भडक मोहिनी अशी रूपे बदलत एक सलग व्यक्तिचित्र उभे केले. या संपूर्ण परंपरेत मुद्रित अल्बमपेक्षा त्याचा व्हिडिओ-अवतार सरस ठरल्याची जी थोडी उदाहरणे आहेत, त्यांत ‘सॅव्हेज’चे स्थान अग्रभागी मानावे लागेल. डेपेश मोडचा ‘स्ट्रेंज’ (१९८८) हा डच छायाचित्रकार अँटन कॉर्बाइन याचा संग्रहही असाच एकहाती आहे. सुपर ८ या घरगुती वापराच्या, दाणेदार चित्र देणाऱ्या फिल्मवर केलेल्या त्यातील कृष्णधवल दृश्यांनी बॅसिल्डनच्या या बँडमधल्या गोजिरवाण्या मुलांचा चेहरामोहराच बदलला.

डेपेश मोडच्याच ‘१०१’ या चित्रपटात कॉन्सर्टच्या चित्रणाचा प्रश्न पूर्ण ताकदीने समोर येतो. १८ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसडेनाच्या रोझ बोल मैदानात साठ हजारांहून अधिक श्रोत्यांसमोर झालेला कार्यक्रम हा त्या दौऱ्यातला एकशे एकावा होता, म्हणून हे नाव. दिग्दर्शक डी. ए. पेनेबेकर, क्रिस हेजेडस आणि डेव्हिड डॉकिन्स यांनी कार्यक्रमाच्या जोडीने न्यूयॉर्कहून बसने निघालेल्या तरुण चाहत्यांचा प्रवास चित्रित केला, आणि विक्रीतून जमलेल्या नोटा मोजल्या जातानाची दृश्येही ठेवली. पेनेबेकर हे वस्तुनिष्ठ, निवेदन टाळणाऱ्या माहितीपटाचे जुने जाणकार. बॉब डिलनवरचा त्यांचा चित्रपट १९६७ चा. अशा दिग्दर्शकाने यंत्रे वाजवणाऱ्या बँडकडे वळावे ही गोष्टच बोलकी आहे. चित्रपटात एका ठिकाणी बँडमधला वादक अ‍ॅलन वाइल्डर आपल्या की-बोर्डवर आवाज कसे वाटून ठेवले आहेत ते समजावून सांगतो. तो की-बोर्ड सॅम्पलर जातीचा, म्हणजे बाहेरचे कोणतेही आवाज मुद्रित करून पट्ट्यांवर बसवणारा. एका पट्टीवर एक तुकडा, शेजारच्या पट्ट्यांवर वेगळाच तुकडा, आणि गाणे बदलले की सगळी वाटणी बदलते. कोणता हात केव्हा कुठे पडला पाहिजे याचे गणित हे या वादनातले खरे कौशल्य होते, आणि ते मैदानातल्या साठ हजारांना दिसणे शक्य नव्हते. कॅमेऱ्याने ते दाखवले.

मँचेस्टरच्या न्यू ऑर्डरने हाच प्रश्न उलट्या टोकाने सोडवला. त्यांची फॅक्टरी ही कंपनी आपल्या प्रत्येक निर्मितीला अनुक्रमांक देत असे, मग ती तबकडी असो, पोस्टर असो की नाइटक्लब. तिच्या आयकॉन या व्हिडिओ शाखेने काढलेल्या ‘तारास शेव्हचेन्को’ या चित्रफितीचा क्रमांक ७७ होता. न्यूयॉर्कच्या युक्रेनियन नॅशनल होममध्ये नोव्हेंबर १९८१ मध्ये झालेला हा कार्यक्रम काहीही न सजवता टिपलेला असून, गाण्यांच्या मधली शांतता आणि यंत्रांशी चाललेली खटपट तशीच ठेवली आहे. पुढे १९८५ मध्ये चित्रपटदिग्दर्शक जोनाथन डेमीने ‘द परफेक्ट किस’ या गाण्याचा सुमारे दहा मिनिटांचा व्हिडिओ केला तेव्हा कथा, पोशाख, परदेश हे सारे वगळून बँडच्या सरावाच्या खोलीत गाणे प्रत्यक्ष वाजवून घेतले आणि छायाचित्रणासाठी आँरी अलेकॉं या ज्येष्ठ फ्रेंच कलावंताला बोलावले. कॅमेरा चेहऱ्यावर आणि बोटांवर इतका जवळ थांबतो की वादकाने पट्टी दाबून हात मागे घेतल्यानंतरची वाटही दिसते. आवाज चालू आहे, माणूस थांबलेला आहे, आणि आपली पुढची वेळ चुकू नये म्हणून त्याचे ओठ आवळलेले आहेत. यंत्रसंगीतात माणसाचा ताण कुठे असतो, हे दाखवणारा याहून नेमका पुरावा या संग्रहांत सापडत नाही.

पेट शॉप बॉइज या जोडीचा मार्ग रंगभूमीचा होता. जानेवारी १९८६ मध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊनही त्यांनी १९८९ पर्यंत दौरा केला नाही. केला तेव्हा दिग्दर्शनासाठी चित्रपटकार डेरेक जार्मनला घेतले आणि त्याने खास केलेल्या चित्रफिती वादकांच्या मागे प्रक्षेपित केल्या. १९९१ च्या ‘परफॉर्मन्स’ या दौऱ्यात तर डेव्हिड अल्डन आणि डेव्हिड फील्डिंग या ऑपेरा दिग्दर्शकांनी वादकांना रंगमंचावरून पार हलवले. न्यूमनने उंचावर चौकटीत बसवलेला वादक बारा वर्षांनी विंगेत गेला, आणि त्याची उणीव कोणाला फारशी भासली नाही.

महाराष्ट्राशी या संग्रहांचा प्रत्यक्ष संबंध एका ठिकाणी येतो. द पोलीस हा न्यू वेव्हमधील बँड मार्च १९८० मध्ये टाइम अँड टॅलंट्स क्लब या मुंबईतील महिलांच्या धर्मादाय संस्थेच्या निमंत्रणावरून शहरात येऊन गेला. त्या जागतिक दौऱ्यावर डेरेक आणि केट बरबिज यांनी केलेल्या ‘पोलीस अराउंड द वर्ल्ड’ या चित्रफितीत मुंबईचेही चित्रण आहे. अप्रत्यक्ष संबंध तंत्राचा: भारताने १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत प्रसारणासाठी ब्रिटनप्रमाणेच पाल ही ६२५ रेषांची पद्धत स्वीकारली, त्यामुळे लंडनहून आलेली कॅसेट इथल्या यंत्रावर सरळ चाले, तर अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटला अनेक यंत्रांवर रंगही येत नसे. त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातील वादक रोलँड कंपनीचे ज्युपिटर ८, टीबी ३०३ आणि टीआर ८०८ ही यंत्रे घेऊन दहा रागांची डिस्को तालावर मांडणी ध्वनिमुद्रित करत होते. ब्रिटिश बँडच्या हाती असलेल्या यंत्रांच्याच घराण्यातली ही यंत्रे होती. पण मुंबईत सिंथेसायझरवादकाला दिसण्याची गरज पडली नाही, कारण गाण्याचे दृश्य पुरवायला पडद्यावर नायक-नायिका आधीच हजर असत. ब्रिटनमधील वादकाच्या वाट्याला ही सोय नव्हती, आणि हा फरक या विषयाकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

संग्रहांच्या आजच्या अवस्थेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. त्या काळातील अनेक व्हिडिओ चित्रित झाले फिल्मवर, पण खर्च वाचवण्यासाठी त्यांचे संकलन झाले व्हिडिओटेपवर. त्यामुळे तयार कृती ६२५ रेषांच्या टेपवरच अस्तित्वात असते, आणि ती नव्या, अधिक स्पष्ट स्वरूपात आणायची तर मूळ निगेटिव्ह शोधून संकलन पुन्हा करावे लागते. थेट व्हिडिओटेपवर टिपलेल्या कॉन्सर्टना तोही मार्ग उपलब्ध नाही. फिल्मवरच राहिलेल्या ‘१०१’चे नवे संस्करण २०२१ मध्ये ब्लू-रेवर आले तेव्हा चित्राचा दर्जा मूळ कॅसेटपेक्षा कितीतरी वरचा निघाला. आणखी एक तांत्रिक बाब संगीताच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये: सेकंदाला चोवीस चौकटींनी चित्रित झालेली फिल्म पाल पद्धतीत पंचवीस चौकटींनी चालवली की लय सुमारे चार टक्क्यांनी वाढते आणि आवाजावर वेगळी दुरुस्ती केलेली नसेल तर स्वरही पाऊण अर्धस्वराने चढतो. युरोपीय आणि अमेरिकन आवृत्त्यांची तुलना करताना हा फरक कलावंताच्या माथी मारला जाऊ नये.

त्यामुळे पुढील विवेचनात प्रत्येक कृतीसमोर शक्य तिथे तीन वर्षे दिली आहेत: कार्यक्रम किंवा चित्रीकरण झाले ते, प्रथम विक्रीस आले ते, आणि आज उपलब्ध असलेल्या संस्करणाचे. ‘द टूरिंग प्रिन्सिपल’साठी पहिली दोन वर्षे १९७९ आणि १९८०, ‘तारास शेव्हचेन्को’साठी १९८१ आणि १९८३, ‘१०१’साठी तिन्ही, १९८८, १९८९ आणि २०२१ अशी येतात, आणि जिथे चित्रफितीतील ध्वनी नंतर स्टुडिओत दुरुस्त केल्याचे निश्चित माहीत आहे, तिथे ती कृती कॉन्सर्टच्या विभागातच ठेवून तशी नोंद केली आहे.